बळीराम गुरुजींची डागाळलेली पुस्तकं

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. शाळेच्या पुस्तकांचा अख्खा एक कप्पा मी खिचडीच्या चुलीत घातला. मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. कपाट सरकारी होतं, पण जीव त्यात माझ्या हाताखालच्या बळीराम गुरुजींचा होता.

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या अलीकडं आमची चौथीपर्यंतची शाळा. इतर शाळांत पुस्तकं कुलपात असतात, कारण पान फाटलं की मास्तर अडकतो. गुरुजींनी आमच्या कपाटाची किल्ली विहिरीत टाकली होती. विचारलं तर "पडली" म्हणायचे.

त्यांचा कायदा एकच. कोरं पुस्तक परत घ्यायचं नाही.

"काहून गं, आठ दिवस ठेवलं अन् एक डाग न्हाई?"

"आईनं फळीवर ठेवलं व्हतं गुर्जी. खराब व्हईल म्हनून."

"मंग जा. आईच्या हातात दे, आजीला वाचून दाखव. पुस्तकाला घर लागू दे जरा."

पोरं हुशार. फाटकापाशी थांबून डब्यातल्या चटणीचं बोट मुखपृष्ठावर ओढायची. गुरुजी वास घेऊन म्हणायचे, "ही लबाडी हाय. जेवता जेवता वाचलं तर डाग आत पडतो, पान उलटायच्या कोपऱ्याला." पुस्तक पुन्हा घरी! मेंढरांमागं चार महिने हिंडून आलेल्या एका पुस्तकात लोकरीचा पुंजका निघाला, तर गुरुजींनी ते पेढ्याच्या पुड्यासारखं सगळ्यांपुढं फिरवलं.

मला हसू यायचं. मग सेनगावहून तपासणीचं पत्र आलं आणि हसू गेलं. तपासणीच्या साहेबांनी ही पुस्तकं बघितली असती, तर शेरा माझ्या सेवापुस्तकात पडला असता. रविवारी एकटाच शाळेत गेलो. जास्त डागाळलेली निवडली आणि चूल पेटवली. लपवता आली असती. तेवढी अक्कलही भीतीनं ठेवली नाही.

सोमवारी साहेब आले, चहा प्यायले, सही ठोकून गेले. कपाटाकडं त्यांनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

गुरुजी त्या दिवशी रजेवर होते. मंगळवारी रिकामा कप्पा बघून माझ्याकडं आले. माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब घेऊन गेले. वाचायला."

गुरुजींचा चेहरा खुलला. "साहेब वाचून ऱ्हायले? बराबर हाय. त्यांच्या घरचाबी एखादा डाग पडू द्या!"

आता गुरुजी रिटायर झालेत, तरी दर सोमवारी जीपनं सेनगावला जातात. तिथं तीन साहेब बदलले. प्रत्येक नव्या साहेबाला हात जोडून सांगतात, "घाई न्हाई. वाचून झालं की द्या." साहेब गोंधळतात, शिपाई चहा पाजतो, गुरुजी परत येतात. गावात त्यावर चेष्टा चालते. मीही हसल्यासारखं करतो.

गेल्या सोमवारी ते जीपची वाट बघत उभे होते. मी म्हणालो, "गुरुजी, ऱ्हाऊ द्या आता. शाळेत नवी पुस्तकं आलीत."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "बाकीची ऱ्हाऊ द्या, सर, साहेबाकडं. मला एकच पाहिजे. आमच्या मंडळीनं उतारवयात वाचाय घेतलं व्हतं. दिवसभर हळदीत हात, बोटं पिवळीधम्मक. ओळीखाली बोट सरकवत वाचायची, तर ओळीओळीखाली पिवळा पट्टा. अकराव्या पानापातूर आली व्हती, अन् गेली. फुडलं पान कोरंच ऱ्हायलं."

जीप आली. मी त्यांची पिशवी वर दिली.

ते पुस्तक मला आठवतं. सगळ्यांत खराब म्हणून पहिलं तेच उचललं होतं.

पुस्तक मी आता देऊ शकत नाही. 'साहेबांनी नेलं नाही, मी जाळलं' एवढं त्यांच्या तोंडावर सांगू शकतो. तेवढं सांगण्याचं देणं मी गुरुजींना अजून लागतो.