सप्रेम नमस्कार, मी रजेवर आहे

“या आठवड्यात मेलला कोणी हात लावायचा नाही! रजेचं उत्तर कधी लावायचं, कधी काढायचं, सगळं मी बघतो. तुम्ही फक्त रजेवर जा!”

पाडव्याच्या आदल्या दिवशी काशीराम शिवलकरानं सुरंगी फूड्सच्या ऑफिसात ही घोषणा केली, तेव्हा त्याचा रुबाब असा होता, की लंकेपर्यंतचा सेतू ह्यानं एकट्यानं बांधला आणि वानरं नुसती कडेला उभी राहून बघत होती.

सुरंगी फूड्स ही काजूची कंपनी. कारखाना लांज्याला आणि ऑफिस रत्नागिरीत, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत. काशीराम तिथला सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. म्हणजे बेचाळीस माणसांचं मेल चालू असलं तर त्याचं नाव कोणी काढत नाही, आणि बंद पडलं तर दुसऱ्या कोणाचं नाव कोणी काढत नाही.

त्यात ह्या रजांचा छळ! ‘मी रजेवर आहे’ असं समोरच्याला आपोआप कळवणारं उत्तर ज्याचं त्यानं लावायचं असतं. चार बटणांचं काम. पण लावतील तर शपथ! एसटी हातखंब्याला पोचली की यांना आठवण यायची. “काशीरामभाऊ, माझं तेवढं लावा ना!” परत आले की ते काढायचं राहायचं. मार्केटिंगची ईशा गणपतीला गावी गेली ती संक्रांतीपर्यंत मेलमध्ये गावीच होती. समोर बसून बिस्किटं खात होती, आणि तिचं मेल जगाला सांगत होतं, की बाई अजून गौरी-गणपतीतच आहेत!

“माणसं आहेत की कोण?” काशीराम घरी येऊन बायकोसमोर, तुळसासमोर फणफणायचा. “आपण कुठे आहोत एवढं सांगायलासुद्धा यांना माझं तोंड लागतं!”

यंदा तर पाडवा आणि ईद एकाच आठवड्यात. निम्मं ऑफिस पाडव्याला गेलं, निम्मं ईदला निघालं. आणि नेमका त्याच आठवड्यात मांडवीच्या रामाच्या देवळात कीर्तनाचा उत्सव. काशीराम म्हणजे कीर्तनाचा असा वेडा, की बुवा पावसला असोत नाहीतर पालीला, हा पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेला. पण या वर्षी गोष्टच वेगळी होती. शुक्रवारचं कीर्तन त्याच्या लेकीचं होतं! मनस्वीचं पहिलंवहिलं कीर्तन. संध्याकाळी साडेपाच. आख्यान शबरीचं, आणि मागे झांजेला खुद्द बाप.

“बाबा, तुम्ही मागे नसलात तर माझा ठेका सुटेल हां,” मनस्वीनं दहादा बजावलं होतं. “आणि माणसं तरी येतील का हो? माझ्यासारख्या नवखीला कोण ऐकणार?”

“मी ऐकणार! साडेपाच म्हणजे पाचला हजर. मग तो सर्व्हर समुद्रात बुडो!”

म्हणून तर ती घोषणा. काशीरामानं सगळ्यांसाठी स्वतः बसून एक मजकूर लिहिला: ‘सप्रेम नमस्कार. आपलं पत्र पावलं, आनंद झाला. मी रजेवर आहे. आल्यावर सविस्तर लिहितो. लोभ आहेच, तो वाढावा.’

इथपर्यंत ठीक होतं. पण सर्व्हरचा एक नियम होता. एखाद्यानं दहा पत्रं पाठवली तरी रजेचं उत्तर त्याला एकदाच जायचं. काशीरामाला हा नियम पहिल्यापासून खुपत होता. गेल्या वर्षी बुवांनी रंगवून रंगवून सांगितलं होतं, की एका बाईच्या दारी देव एका दिवसात दहा रूपांत दहा वेळा आला, आणि त्या माउलीनं दहाही वेळा ‘या, बसा’ म्हणून पाणी दिलं. काशीरामाचं उपरणं भिजलं होतं त्या दिवशी. आणि इथे दुसऱ्यांदा आलेल्या माणसाशी सर्व्हर बोलतसुद्धा नाही! हे काय कोकणातल्या घराला शोभतं? छट्! त्यानं तो नियमच काढून टाकला. येईल त्याला, येईल तितक्यांदा, सप्रेम नमस्कार!

मंडळी, हा झाला पूर्वरंग.

शुक्रवारी काशीराम तीनला निघणार होता. झांजेची पिशवी टेबलावर तयार. पावणेतीनला डिस्पॅचचा रय्यान ईदसाठी घरी निघाला, आणि जाता जाता कारखान्यातल्या ऋतिकाला एक ओळ लिहून गेला, ‘ट्रक भरून तयार आहे.’ ऋतिका कालपासून माहेरी. तिच्या मेलनं रय्यानला तत्परतेनं कळवलं, सप्रेम नमस्कार, मी रजेवर आहे. पण रय्यानही आता रजेवर. त्याच्या मेलनं तिला कळवलं, सप्रेम नमस्कार, मी रजेवर आहे. तिच्या मेलला पत्र पावलं, आनंद झाला. तिनं उलट नमस्कार घातला. ह्यानं परत घातला.

कीर्तन संपल्यावर दोन म्हातारे भाविक एकमेकांच्या पाया पडायला लागावेत, आणि आधी उठायला एकही तयार नसावा, तसं ते चाललं! फरक एवढाच, की इथे कोणाची कंबर दुखत नव्हती. मिनिटाला शंभर नमस्कार पडत होते. आणि कंपनीच्या मालकांचा, हमझाशेठ मुकादमांचा, जुना हुकूम होता, की रजेच्या प्रत्येक पत्राची एक प्रत मला आली पाहिजे.

तीनला काशीराम पिशवी उचलतोय तोच फोन वाजला.

“काशीराम! हे काय लावलंयस?” हमझाशेठ दुपारची नमाज पढून जरा आडवे झाले होते. “माझा फोन जाळ्यातल्या बांगड्यासारखा तडफडतोय! सप्रेम नमस्कार, सप्रेम नमस्कार! चौदाशे झाले!”

“शेठ, ते... जरा लोभ वाढलाय.”

“बंद कर तो लोभ! शेवटचा रोजा आहे माझा. तोंडातून शिवी काढता येत नाही म्हणून वाचलास. इफ्तार होऊ दे, मग बघतो तुला!”

काशीराम खुर्चीत बसला. दोन मिनिटांचं काम, त्याला वाटलं. पण सर्व्हर आता पुरता बिथरला होता. एवढे नमस्कार बघून कोणीतरी बाहेरून हल्ला केलाय अशी त्याची खात्री झाली. त्यानं सगळी दारं लावून घेतली. कंपनीत येणारी पत्रं बाहेरच अडकली. आणि आत शिरायला बघणाऱ्या काशीरामालाच तो विचारायला लागला, तू कोण? ओळख पटव. मोबाइलवर ओटीपी पाठवलाय.

“मी कोण? तुला दोन जिने खांद्यावरून चढवून आणला तो मी!” काशीराम पडद्यावर ओरडला.

पण ओटीपी गेला त्याच्या जुन्या नंबरावर. ते सिम आता तुळसाच्या फोनात. आणि तुळसा मांडवीला, देवळात सतरंज्या घालत होती. काशीरामानं फोन लावला.

“तुळसा, तुझ्या फोनवर सहा आकडे आलेत ते पटकन सांग.”

“कोण बोलतंय?”

“अगो, मी! काशीराम!”

“कोण काशीराम?”

“तुझा नवरा!”

“हां. असंच म्हणतात ते,” तुळसा थंडपणे म्हणाली. “आमच्या ह्यांनी मला सांगून ठेवलंय. ओटीपी कोणाला म्हणून द्यायचा नाही. अगदी ह्यांच्या आवाजात मागितला तरी नाही. हल्ली मशीन हुबेहूब आवाज काढतात.”

“पण नाव बघ ना फोनवर, माझंच आलंय ना?”

“नावसुद्धा खोटं दाखवता येतं. तेही ह्यांनीच सांगितलंय.” आणि फोन बंद!

काशीरामाच्या अंगाची लाही लाही झाली. वीस वर्षं तो लोकांना सांगतोय, पासवर्ड चिकटवून ठेवू नका, कोणाला आकडे सांगू नका. ऑफिसात एका माणसानं कधी ऐकलं नाही. अख्ख्या जन्मात त्याचं बोलणं ऐकणारं एकच माणूस निघालं, आणि ते आज निघालं!

पहिला ओटीपी शिळा झाला. त्यानं दुसरा मागवला. पुन्हा फोन.

“खरेच ते असाल तर सांगा,” तुळसा म्हणाली, “मनस्वी आज कोणतं आख्यान लावणार?”

“शबरीचं!”

“ते बाहेर फळ्यावर लिहिलंय. जाता-येता कोणीही वाचेल.”

“मग दुसरं काहीतरी विचार ना!”

तेवढ्यात उत्सवाची व्यवस्था बघणारे भिकाजीकाका मागे येऊन उभे राहिले असावेत. त्यांचा खडा आवाज आला. “काय झाला गो? परत तोच? ठेव तो फोन! असल्यांशी बोलत ऱ्हायचा नाय. बोललो की अडकलो!” आणि फोन बंद. दुसराही ओटीपी शिळा. तिसराही तसाच गेला. चौथ्याच्या वेळी साडेचार वाजून गेले होते. नमस्कारांचा आकडा अकरा हजारांवर. हमझाशेठचा फोन आता नुसता गरम झाला होता. आणि मांडवीला लेक दाराकडे डोळे लावून बसली असणार! काशीरामाचा बांध फुटला.

“अगो, काल पाडव्याच्या दिवशी सोलकढीत मीठ नव्हतं, तरी दोन वाट्या गपगुमान प्यायलो मी! सणाचं बोलू नये म्हणून! आणि मला विचारतेस मी कोण?”

“मीठ नव्हतं?” तुळसा कडाडली. “मग काल तोंडात काय धरलं होतं? मनस्वीच्या बाबा, घ्या लिहून! चार, सात, शून्य, दोन, नऊ, एक! आणि पाच मिनिटांत इकडे या!”

काशीराम आत शिरला. यादीत वर ‘सर्व’ निवडून त्यानं एका फटक्यात सगळे नमस्कार काढून टाकले. एकदाच उत्तर द्यायचा जुना नियम मुकाट्यानं परत लावला. दारं उघडली, आणि दुपारपासून अडकलेली पत्रं आत यायला लागली. पाच वाजायला पाच मिनिटं.

आता फक्त स्वतःचं उत्तर लावायचं होतं. पण मघाचा सप्रेम मजकूर लिहायची त्याची इच्छाच मेली होती. पिशवी खांद्याला अडकवून, एक पाय दाराकडे टाकून, त्यानं उभ्या उभ्या बडवलं: ‘मी कीर्तनाला गेलो आहे. कितीही निकड असो, मी आत्ता कोणालाही उत्तर देणार नाही. फारच घाई असेल त्यानं मांडवीला रामाच्या देवळात यावं आणि गप बसून ऐकावं!’ बटण दाबलं आणि धावला.

यादीत वर अजून ‘सर्व’च निवडलेलं होतं, हे बघायला तो थांबला नाही.

साडेपाचला दोन मिनिटं असताना त्याची स्कूटर देवळापाशी पोचली. नऊवारी नेसलेली मनस्वी कोमेजून उभी होती. समोर चौदा डोकी. त्यातली नऊ घरची.

“बाबा, माणसंच नाहीत हो.”

“राम आहे ना? तू उभी राहा.”

त्यानं झांज हातात घेतली आणि नमन सुरू झालं. दहा मिनिटं झाली असतील. दारात ट्रकचा ड्रायव्हर मुसा दिसला. त्यानं आत डोकावलं, चपला काढल्या आणि मागे येऊन बसला. मग खोकी पुरवणारे दोघं आले. मग कुरिअरवाला. मग लांज्याहून जीप भरून काजूचे व्यापारी! सतरंज्या भरल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. काशीरामाची छाती अशी फुगली, की झांज वाजवायला हात पुढे पुरेनात. पोरीचा आवाज रस्त्यापर्यंत गेला! बघा, बघा! आणि मनस्वीही अशी काही खुलली, की भिकाजीकाकांनी दोनदा डोळे पुसले.

मध्यंतरात मनस्वीला बुक्का लावून हार घातला, तेव्हा मुसा हळूच पुढे सरकला.

“भाऊ, ट्रक सोडू की नको? रय्यानभाईला मेल केलं, तर उत्तर आलं, मी कीर्तनाला गेलोय. ऋतिका मॅडमना केलं, त्याही कीर्तनाला. ईशा मॅडम पण. म्हटलं, अख्खी कंपनी जर इकडे, तर आपण एकटे तिकडे काय करतो?”

त्यानं फोन पुढे धरला. काशीरामानं वाचलं. खाली सही, रय्यान! शेवटच्या रोज्याच्या दिवशी! काशीरामाच्या हातातली झांज अशी वाजली, की तबलजी दचकला.

आणि त्याच वेळी दारात हमझाशेठ उभे राहिले. हातात तो गरम फोन, चेहरा त्याहून गरम. पण उत्तररंग सुरू झाला होता. शबरी रोज पहाटे वाट झाडते आणि रोज म्हणते, आज नाही आला, उद्या येईल, असं मनस्वी सांगत होती. शेठ पायरीवर बसले. बसले ते बसलेच. दिवस मावळला तसं त्यांनी खिशातून खजूर काढला. तुळसा लगबगीनं कोकम सरबताचा पेला घेऊन गेली.

“घ्या शेठ. मीठ चाखून घातलंय,” ती म्हणाली, आणि तिथूनच काशीरामाकडे असं बघितलं, की त्याचा ठेका दुसऱ्यांदा चुकला.

आरती झाली. शेठ जवळ आले. “काशीराम, रोजा सुटला माझा. आता ऐक.”

काशीरामानं मान खाली घातली. शेठनी तोंड उघडलं. समोर बघितलं तर राम. बाजूला बघितलं तर मनस्वी नमस्काराला वाकलेली. शेठनी तोंड मिटलं.

“पोरगी छान सांगते रे तुझी,” ते म्हणाले. मग दात आवळून, “देवळात काय बोलणार तुला? सोमवारी ऑफिसात ये. एकूण एक जपून ठेवतो!”

ते गेल्यावर मनस्वीनं बापाचा दंड धरला. “बाबा, बघितलंत? केवढी माणसं आली! मला ऐकायला!”

“हो ना गो,” काशीराम म्हणाला. “बसली ती तुलाच ऐकून बसली.” आणि हे तरी खरं होतं.

घरी गेल्या गेल्या त्यानं कर्मचाऱ्यांच्या यादीतलं एकेक नाव घेऊन ते उत्तर काढलं. सोमवारी ईद आटोपून ऑफिस उघडलं, तसा तो कपाळाला बुक्का लावून, कान तयार ठेवून शेठच्या खोलीशी गेला. खोलीला कुलूप! घरी पाहुणे होते म्हणे. शेठ बोलवायला विसरले असं नको, म्हणून काशीरामानं मेल केलं, ‘शेठ, ठरल्याप्रमाणे शिव्या खायला आलो होतो. आपण नव्हतात.’

एका सेकंदात उत्तर आलं.

‘मी कीर्तनाला गेलो आहे. कितीही निकड असो, मी आत्ता कोणालाही उत्तर देणार नाही. फारच घाई असेल त्यानं मांडवीला रामाच्या देवळात यावं आणि गप बसून ऐकावं! आपला, हमझा मुकादम.’

कर्मचाऱ्यांच्या यादीत मालकाचं नाव नसतं, हे काशीरामाच्या तेव्हा लक्षात आलं. म्हणजे शुक्रवारपासून, दुबईहून आणि कुवेतहून शेठना आलेल्या प्रत्येक ‘ईद मुबारक’ला...

पुढचा विचार त्यानं केलाच नाही. त्यानं ते उत्तर पुन्हा एकदा वाचलं, आणि खरं सांगायचं तर त्याला रागच आला. एवढी बुवांची कीर्तनं ऐकून माणसानं असं लिहावं? निदान वर सप्रेम नमस्कार तरी घालायचा!