सबनीसांचं तिंगेरे

इथं कन्नड मुलखात, हिनकलला, आमच्या शेजारी सबनीस राहतात. त्यांना कुणी "जेवलात का?" विचारलं, की ते आधी त्या जेवण्याची कुंडली मांडतात. लॅटिनमध्ये क्रियापद कुठलं, त्याचे आजोबा कोण! तोवर विचारणाऱ्याला परत भूक लागते.

पुण्याहून मुलाकडे आलेले. औषधांच्या कंपनीत जन्म काढला, तिथंच लॅटिन चिकटलं. मी तिसरीत शाळा सोडली. पण कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्याच्या घरचा आहे, उगा मान डोलवत नाही.

"राव, तुमचं क्रियापद तिंगेरे!" एकदा म्हणाले.

"आमचं तसलं काय नाय, स्वामी. आमचं रंगवणं."

"अहो, तिंगेरे म्हणजे रंगवणंच. पण मुळात भिजवणं! ग्रीकांकडेही भिजवणंच. रंग मागाहून आला."

"रंगवायचं नसलं तर भिजवायचं कशाला? त्या लोकांना कामधंदा नव्हता काय?"

आठवडाभर भांडलो. भाजी घेतानासुद्धा. शेवटी भाजीवाली कन्नडमध्ये ओरडली, "सुम्निरी!" म्हणजे गप्प बसा. सबनीस तिलाच विचारायला लागले, ह्या शब्दाचं मूळ काय?

मग एका सकाळी ते पिशवी घेऊन आले, आणि बोलेनात. मला वाटलं, ताप आला. पिशवीत त्यांच्या गेलेल्या बायकोची सुती साडी. जांभळी होती म्हणे, आता पार विटलेली.

"होती तशी करून द्याल?"

आमची भट्टी कधीच विझलीय. पण रंगाला नाही म्हणणं आमच्या रक्तात नाही.

"जांभळा म्हणजे कसला? कांद्याचा, वांग्याचा?"

"आठवतो. सांगता येत नाही."

एवढे शब्द पाळलेला माणूस, आणि एका जांभळ्यापाशी अडला!

रंगात घालण्याआधी कापड साध्या पाण्यात मुरवायचं ही आमची रीत. कोरडं घातलं तर डाग पडतात. टबात साडी बुडवली. पाणी प्यायली तशी ती गडद होत गेली. मी रंगाची पुडी सोडायला घेतली, तर त्यांनी माझा हात धरला.

"थांबा, राव. हाच. हाच होता."

"ओली आहे म्हणून दिसतोय. वाळली की जाणार."

"माहीत आहे."

काम अर्धवट मी कुणाचं सोडलं नाही. पण पुडी परत बांधली. साडी दोरीवर टाकली, समोर दोन खुर्च्या मांडल्या. साडी वरून फिकी पडत आली, तसे ते खुर्ची पुढे ओढत, वाकून, खालच्या ओल्या काठाकडे बघायला लागले.

ऊन चढत होतं. मी उठलो, साडी काढून आतल्या सावलीत घातली. तिथं वाळायला वेळ लागतो.