मुकादमांची डोणी

रेवा, ईशान,

मागच्या सुट्टीत समोरच्या बागेतल्या दगडी डोणीत बसून तुम्ही फोटो काढलेत, तेव्हा सांगायचं राहून गेलं. परवा बागेच्या फाटकावर नवा नकाशा लागला. त्यात डोणी नाही. म्हणून आता लिहिते.

वाघमारे मुकादम कुणाच्याही दारात आले की आधी पाणी मागत. नमस्कार नाही, कसं काय नाही. "आधी पाणी. मग बात." बँक असो, पोलीस ठाणं असो, नाहीतर लग्नघर. पेला आला की ते उभ्यानेच, चारचौघांना दिसेल असा ओठाला लावून पीत, मग बुडाशी डोळा नेऊन बघत आणि जाहीर करत, "घासलेला हाय."

एरवी हे चाललं असतं. पण तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झालेला आणि पावसाने सलग तोंड फिरवलेलं. टँकर चार दिवसांनी येई. गल्लीच्या टोकाला मुकादमांची काळी छत्री दिसली की शेजारची दारं लागत. ते शांतपणे कडी वाजवत. "मालूम हाय घरात हायत. सावकाश उघडा. मला घाई न्हाई."

आमच्याकडे त्यांना पाणी मिळे, पण पेला वेगळा होता. पितळी, काठाला पोचा पडलेला. माझ्या सासूबाईंचा नियम. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, मुलींना समतेवर निबंध लिहायला लावत होते, आणि तरी तोच पेला कितीतरी महिने त्यांच्यापुढे धरत होते. हे वगळून गोष्ट सांगता येणार नाही. मुकादम तो पेला उजेडात धरत आणि म्हणत, "ह्याला वळखतो मी." मग पीत.

बाग निजामाच्या काळातली. मधोमध हौद आणि त्याला लागून ही लांबट डोणी. हौदातलं सांडलेलं पाणी तिच्यात यायचं, ते गुरांसाठी. आता जिल्ह्याच्या गावाला शोभेल अशी बाग करायचं ठरलं. गावात प्यायला पाणी नव्हतं, पण बागेत कारंजं होणार होतं. त्याभोवती सिमेंटचे बगळे.

मुकादम बांधकामावरून निवृत्त झालेले. कुठूनतरी नकाशाची प्रत घेऊन आले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "बाई, हे विंग्रजी वाचा."

मी वाचलं. हौद जुना, राखावा, रंगवावा. डोणी निरुपयोगी, काढावी.

"हौद ऱ्हाणार आन् डोणी जाणार? वा रे अक्कल! अर्ज लिहा."

मी लिहायला बसले. 'नम्र विनंती की' इथपर्यंत आले, तर त्यांनी छत्रीच्या टोकाने कागद दाबला.

"विनंती काढा."

"मग काय लिहू?"

"कळवतो, लिहा."

"आणि शेवटी? आपला विश्वासू?"

"त्यो बी काढा. माझा इस्वास न्हाई त्यांच्यावर."

सासूबाई आतून ऐकत होत्या. अर्जाबिर्जावर त्यांचा भरवसा नव्हता. त्या दारात येऊन म्हणाल्या, "मुकादम, बोटभर शेंदूर फासा. बघू कोण हात लावतंय."

"काकू, छप्पन साली देव सोडले. डोणीपायी परत आणू व्हय?"

अर्जाचं उत्तर आलं नाही. डोणीवर मात्र चुन्याची फुली आली. फुली म्हणजे तोडायचं, गेरूचा गोल म्हणजे राखायचं. आयुष्यभर मुकादमांनी स्वतः अशा खुणा केलेल्या. मजूर कागद वाचत नाहीत, खूण वाचतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. एका संध्याकाळी त्यांनी फुली पुसली आणि चांगला ठसठशीत गेरूचा गोल काढला.

सकाळी बघतो तर गोलावर जास्वंदीचं फूल, पुढे अर्धा नारळ आणि दोन उदबत्त्या! मजूर आले, चपला काढून हात जोडून उभे राहिले. ओव्हरसियर ओरडला, "तोडा!"

"देव हाय साहेब. आपून हात लावणार न्हाई."

डोणी वाचली होती. गप्प बसायचं तेवढं बाकी होतं. पण मुकादम छत्री आपटत आले, उपरण्याने गेरू खसाखसा पुसायला लागले. "इथं देव न्हाई! खामोखा हात जोडू नका!"

ओव्हरसियर हसला. "लई उपकार झाले, मुकादम. चला रे, घ्या घण."

तेव्हा मुकादम डोणीत उतरले आणि बसले. गुडघे कानाशी, डोक्यावर उघडी छत्री. "घाला घण."

मी शाळेला निघाले होते, ती तशीच बागेत गेले. "मुकादम, उठा हो. देव म्हणून राहिली असती, तर काय बिघडलं असतं?"

ते माझ्याकडे बघेनात. "माझी माय हितं पाणी पिली, बाई. हौदाला शिवायची मुभा नव्हती. बैलं पिऊन सरली की ती वाकायची, वंजळ भरायची. आधी मला, मग ती. आता देव झाला तर लोकं पाया पडतील. हितं कोण पिलं, कुणी इचारणार न्हाई. आन् मोडली, तर म्हणतील, आमच्या गावात असलं काय नव्हतंच."

घण खाली टेकले. ओव्हरसियर नकाशाची गुंडाळी उगाच उलगडत राहिला.

मग मुकादम नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आधी पाणी."

मी घरी धावले. हाताला सवयीने पोच्याचा पेला आला. सासूबाई वाटेत उभ्या. त्यांनी तो काढून घेतला. "तो ऱ्हाऊ दे. आपला ने." आणि स्वतः काठोकाठ भरून दिला. टँकर यायला अजून दोन दिवस होते.

मुकादमांनी पेला निरखला. अर्धं पाणी त्यांनी हळूच डोणीत ओतलं.

"आवो मुकादम, पाणी!" मजूर कळवळले.

"तिचं हाय." उरलेलं ओठ लावून प्यायले.

ओव्हरसियरने गेरूचा डबा मागवला. नकाशात डोणीवरून सरळ जाणारा बागेतला रस्ता तिच्यापाशी वाकवून आखला. "नकाशात वाकडं दिसेल," तो पुटपुटला.

"दिसू द्या," डोणीतून उत्तर आलं.

मुकादम जाऊन पुष्कळ वर्षं झाली. बगळ्यांच्या माना मोडल्या, कारंजं कधीच बंद पडलं. नव्या नकाशावर मी काल अर्ज दिला. त्यात विनंती नाही.

आज सकाळी जाऊन पाहून आले. डोणी जागेवर आहे. डाव्या काठाचा टवका उडालाय आणि रस्ता तिला वळसा घालून जातो. पोच्याचा पेलाही आहे, आमच्या फडताळात, सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला.