कापगतेभाऊंचा बॅकअप

आमच्या नवेगाव बांधात लोक दागिने जपतात, सातबारा जपतात. शेजारचे कापगतेभाऊ कॉम्प्युटरच्या सेटिंगा जपतात. पडद्यावरचं चित्र बदलायचं म्हटलं तरी आधी अख्ख्या मशीनचा बॅकअप. मी हसलो की त्यांचं ठरलेलं वाक्य, "पाळ पाहिल्याबिगर तुडूम उघडू नये, गुरुजी." त्यांच्या वाडवडलांनी तलाव बांधले; पाळ म्हणजे तलावाचा बांध, तुडूम म्हणजे पाणी सोडायचं दार. त्याच न्यायानं हा माणूस कीबोर्डवरची धूळसुद्धा बॅकअप घेऊनच पुसणार.

मशीनला दुसऱ्याचा हात लागू देत नसत. स्वतः मात्र डाव्या हातानं माऊस धरून चाचपडत. एक फाईल उघडेपर्यंत माझा चहा गार होई. "उजवा हात गहाण ठेवला का, भाऊ?" मी विचारी. ते डाव्याच हातानं पुढची फाईल शोधत.

या उन्हाळ्यात वीज गेली, आली, आणि मशीन बंद पडलं. गोंदियाहून मेकॅनिक आला. "डिस्क गई, भाऊ. नई डालनी पडेगी. फोटो शायद निकल जाएंगे, सेटिंग नहीं."

"फोटो राहू दे. सेटिंग पाहिजे."

मेकॅनिक माझ्याकडं पाहू लागला.

भाऊ आत गेले आणि कुंकवाच्या पेटीतून बॅकअपची डिस्क घेऊन आले. पेटी भाऊंच्या बायकोची, शेवंतावहिनींची. वहिनी मागच्या साली वारल्या. रिस्टोअर सुरू झालं. पडद्यावरची पट्टी काही सरकेना, आणि भाऊ हात जोडून उभे. मला तर घरात कोणी आजारी असल्यासारखं वाटू लागलं.

शेवटी मशीन उठलं. मेकॅनिक गेला. मी माऊस धरून बटण दाबलं तर भलतंच उघडलं.

"भाऊ, बटणं उलटी झाली. सरळ करू?"

त्यांनी माझा हात धरला. "नोका लावू हात. तिची सेटिंग हाय ते. डावखुरी होती ना तुमची वहिनी. दुपारी याच्यावर पत्ते खेळे."

"मग हे नव्यानंही करता आलं असतं. दोन मिनिटांचं काम."

"आलं असतं. पण ते माह्या हातचं झालं असतं." भाऊ खाली बसले. "जल्मभर तिले डाव्या हातावरून बोल्लो आमी. त्या हातानं वाढू नोको, कुंकू लावू नोको. माय बोले, मीबी बोल्लो. कोणाले न विचारता तिनं आपल्या मनानं काही केलं असंल, तं हे एकच. ते मोडू काऊन?"

मग डाव्या हातानं त्यांनी पत्ते उघडले. खेळ त्यांना येत नाही. मी खुर्ची ओढली आणि काळ्यावर लाल ठेवा, म्हणून सांगत बसलो.