दोराच्या आतली जागा

औंधच्या यमाईच्या जत्रेत दाजीबा मिस्त्रींनी एका बड्या अंमलदाराच्या गळ्यातलं उपरणं सगळ्यांदेखत काढून बाभळीला अडकवलं होतं. साहेब लालबुंद. दाजीबा शांतपणे म्हणाले, "इंजन बघून झालं की घिऊन जावा. चाकाला नातं कळत न्हाई, आन् हुद्दाबी."

दाजीबा मूळचे कुंडलचे. तिथल्या पिठाच्या गिरणीत त्यांची हयात गेली. मालकाने नवं इंजिन आणून जुनं भंगारात काढलं, तेव्हा दाजीबांनी ते मागून घेतलं. मग दर जत्रेला बैलगाडीतून औंधला आणून ते लोकांना चालवून दाखवू लागले. तेही फुकट. वर बघणाऱ्यांना दम द्यायचे ते वेगळंच!

मी औंधच्या शाळेत मास्तर. जत्रेत कुणाला कुठे जागा द्यायची हे माझ्याकडे असे, म्हणून त्यांच्या नियमांची पाटीही माझ्याच अक्षरात. इंजिनाभोवती दहा हातांवर दोर. विडी विझवून या. धोतराचा सोगा खोचा. चाकाच्या समोर उभं राहू नका. नजर अधू असेल त्याने दोराच्या आत येऊ नये. हा शेवटचा नियम कशाला, असं मी विचारलं.

"आत मी आन् हीच आसनार," दाजीबा म्हणाले. "पर ल्हिवलेलं बरं."

"ही" म्हणजे सोनाकाकू, त्यांची बायको. दाजीबा दिव्याच्या झोताने इंजिनाचं डोकं तापवायचे, चाकाला हिसका द्यायचे आणि हात वर करायचे. तो हात दिसला की काकूंनी तेलाची चावी सोडायची. ती अवेळी सुटली, तर चाक उलटा झटका देऊन दाजीबांचं मनगट मोडणार. गिरणीतही हे काम काकूंचंच. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत रॉकेल मोजून मिळू लागलं, तेव्हा ही दोघं घरी अंधारात जेवायची आणि जत्रेसाठी तेल साठवायची. लोक त्यांना खुळी म्हणत. मला मात्र त्यांचा हेवा वाटे.

लढाई संपल्यानंतरच्या जत्रेत मी दोराला लागूनच उभा होतो. गर्दी मावत नव्हती. इंजिन तापलं. चाकाला हात घालण्याआधी दाजीबा नेहमी एकदा नुसता इशारा करून बघत. तसा त्यांनी हात वर केला. काकू समोर बघत तशाच उभ्या. त्यांनी पुन्हा हात वर केला. आता काकूंचा हात चावी चाचपत भलतीकडेच, तापलेल्या नळीकडे जाऊ लागला. दाजीबांनी झडप घालून तो धरला.

"भाजलं का गं?"

"न्हाई. धूर झालाय, नीट दिसंना."

धूर कुठेच नव्हता.

मी दोराखालून वाकून आत गेलो आणि हळूच म्हणालो, "दाजीबा, चावीवर मी थांबतो."

"तिची जागा हाय ती, मास्तर," ते पुटपुटले.

त्यांनी दिवा विझवला. आपल्या हाताखाली इंजिन एक दिवसही बंद पडलं नाही, हे येईल त्याला ऐकवणारा तो माणूस भर जत्रेत ओरडला, "इंजन बिघाडलंय! चालायचं न्हाई आता! जावा घरला!"

लोक खदाखदा हसले. कुणी शिट्ट्या मारल्या. एकेकाच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं, आणि डोळे तर भरून आलेच होते.

काकूंनी चाचपत चाकावर हात ठेवला.

"आसू द्या. म्हातारं झालंय ते," त्या दाजीबांची समजूत घालू लागल्या. "लय राबलं. तुमी मनाला लावून घिऊ नगा."

"व्हय," दाजीबा म्हणाले, आणि दोर उचलून त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन गेले.