क्लाईव्हने स्वतःला माफ केलं

मनुष्याने सर्वप्रथम स्वतःला क्षमा करावी, कारण तिथे अर्ज ताबडतोब मंजूर होतो. हे सत्य ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वॉरिंगा गावाला सफायरबाईंच्या ध्यानकेंद्राने शिकवलं. (बाई पूर्वी शॅरन या नावाने टायरच्या दुकानात होत्या. तो भूतकाळ त्यांनी स्वीकारला आहे. दुकानमालकाने अजून नाही.)

पूर्वी आमची पद्धत अगदीच मागासलेली. शेजाऱ्याचं नुकसान झालं, की बिअरचा खोका उचलायचा, त्याच्या दारात जायचं, टोपी काढायची आणि ‘चुकलं माझं’ म्हणायचं. यात दोघंही अवघडत आणि बिअर गरम होई. केंद्राने ही प्रथा मोडीत काढली. आता अपराधी माणूस चटईवर डोळे मिटून बसतो. अपराध येतो, त्याच्याकडे बघायचं, तो निघून जातो. गावात माफी मागण्याचं प्रमाण ब्याण्णव टक्क्यांनी घटलं असून झोप सुधारली आहे. (ज्यांचं नुकसान झालं त्यांची मोजलेली नाही.)

केंद्राचा आदर्श विद्यार्थी म्हणजे क्लाईव्ह. फेब्रुवारीत त्याने मागे न बघता गाडी मागे घेतली आणि शेजारच्या म्हाताऱ्या मर्लबाईंचा कुत्रा डिगर चाकाखाली गेला. नवरा वारल्यापासून त्या घरात बोलायला तेवढाच होता. क्लाईव्ह तडक केंद्रात गेला आणि रविवारी तुकतुकीत चेहऱ्याने परतला. मर्लबाई कुंपणाशीच उभ्या होत्या.

“मर्लबाई, मी स्वतःला माफ केलं. म्हटलं, तुम्हाला सांगावं.”

“बरं केलंस. आता मला सॉरी म्हण, म्हणजे मी आत जाते.”

“तसं म्हटलं तर मी स्वतःला नाकारल्यासारखं होईल हो.”

“अरे, एक शब्द मागतेय. खड्डासुद्धा मी एकटीनेच खणला रे.”

“तुमचा राग मला दिसतोय,” क्लाईव्ह मायेने म्हणाला, “आणि मी तोही स्वीकारतो.”

(क्लाईव्ह दिसला की माझे हात शिवशिवतात. तेही मी स्वीकारलं आहे.)

मर्लबाई रोज संध्याकाळी कुंपणाशी येऊन उभ्या राहू लागल्या. बाई भूतकाळात अडकल्यात, असं गावाचं मत पडलं आणि केंद्राने त्यांना सवलतीत प्रवेश देऊ केला. जुलैत त्या वारल्या. तो शब्द काही त्यांच्या कानावर पडला नाही. त्या दिवशी क्लाईव्ह चटईवर थोडा जास्त वेळ बसला आणि तेवढ्याने भागलं.

हे वाचताना तुम्हालाही एखादं नाव आठवलं असेल, ज्याच्या दारात जायचं तुमचं राहूनच गेलं. घाबरू नका. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या. बघा, गेलं.