गुरुवारी दुपारी मरणाऱ्या परब सिस्टर

आमच्या परब सिस्टर दर गुरुवारी दुपारी मरायच्या. जेवणाची सुट्टी संपली, डबे धुऊन पालथे घातले, की त्या डोक्यावरची पांढरी टोपी काढून खिळ्याला अडकवायच्या, चपला जोडीने खाटेखाली सारायच्या, अपघात विभागातल्या कोपऱ्यातल्या खाटेवर आडव्या व्हायच्या आणि डोळे मिटून म्हणायच्या, "चला, मी मरतंय. वाचवा माका."

आणि आम्ही त्यांना मारायचो. अगदी नियमाने.

ऐंशीनंतरची ती वर्षं. मुलुंड पूर्वेला आमचं एक छोटं धर्मादाय इस्पितळ होतं. मागच्या खिडक्यांतून लांबवर मिठागरं दिसायची. दुपारी ऊन त्या साचलेल्या पाण्यावर पडायचं आणि तिथून उडून आमच्या छतावर येऊन हलत राहायचं. सगळा वॉर्ड तळ्याच्या बुडाशी असल्यासारखा वाटायचा. पंखा फिरायचा, पडदे उगाच फुगायचे, आणि त्या हलत्या उजेडात परब सिस्टर मरत पडलेल्या असायच्या.

मी तिथे लॅबमध्ये होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी., केमिस्ट्री. वडील गिरणीत होते, त्यांनी माझं सर्टिफिकेट फ्रेम करून देवाच्या फोटोशेजारी लावलं होतं. हे सांगायचं कारण एवढंच, की मला वाटायचं, रक्त तपासायला शिकलेला माणूस मी, या खोट्या मरणाच्या खेळात माझं काय काम?

"काम आसा," सिस्टर त्यांच्या मालवणीत म्हणाल्या. "कान हाड हयसर," आणि मला बोटाने जवळ बोलावलं.

हीच त्यांची पद्धत. मरायच्या आधी त्या सगळ्यांकडे एक फेरी मारायच्या आणि प्रत्येकाच्या कानात एकेक गोष्ट सांगायच्या. गेटवरच्या यादवच्या कानात एक, आया शेवंताबाईंच्या कानात दुसरी, स्टाफ नर्स लीनाच्या कानात तिसरी, माझ्या कानात चौथी. डॉक्टर मेहेंदळ्यांना शेवटची. त्या दिवशीच्या पेशंटला काय झालंय ते असं पाच जणांत वाटलेलं. पाचही गोष्टी खाटेपाशी येऊन एकमेकींना भेटल्या तर पेशंट वाचणार. नाही भेटल्या तर सिस्टर हात छातीवर ठेवून जाहीर करणार, "मी मेलंय."

आणि मग मेलेल्या सिस्टर उठून बसायच्या आणि आम्हाला सोलून काढायच्या.

"यादव, पेशंटान रॉकेल प्यायल्यान ह्या तुका सांगितला होता ना?"

"हाँ सिस्टर."

"मग बोललंस कित्याक नाय?"

"हमको किसी ने पूछा नहीं ना, सिस्टर."

"आणि तू रे गायकवाडा? तुझो रिपोर्ट खंय?"

"ट्रेमध्ये ठेवला, सिस्टर. सही घेऊन," मी ताठ मानेने सांगितलं. माझ्या कामात चूक काढून दाखवावी कुणी!

"वा! रिपोर्ट ट्रेत, पेशंट स्वर्गात. दोघांची नीट सोय झाली." मग खोलीभर नजर फिरवून त्यांचं ते नेहमीचं, "मनातला तोंडात आणा रे. मनात ठेवलेला औषध कोणाक लागू पडत नाय."

मुख्य अडचण डॉक्टर मेहेंदळ्यांची होती. माणूस हुशार, पण आवाज असा की ते आत आले की दुसऱ्या कुणाला आवाज आहे हे विसरायला व्हायचं. पडदा बाजूला सारता सारताच त्यांचं निदान झालेलं असायचं. लीना केरळातून आलेली, मराठी छान बोलायची, पण डॉक्टरांसमोर तिचे ओठ नुसते हलायचे. एकदा तिच्या कानात सिस्टरांनी सांगितलं होतं की या पेशंटला पेनिसिलिन चालत नाही. डॉक्टरांनी पेनिसिलिनच सांगितलं. लीनाने डोळ्यांत पाणी आणून रिकामी सिरिंज त्यांच्या हातात दिली.

"मी मेलंय," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "आणि लीना बघीत ऱ्हवला."

"अहो सिस्टर, हे सगळं खोटं आहे," डॉक्टर वैतागले. "खऱ्या वेळी आम्ही करतो ना बरोबर."

"खऱ्या वेळी पेशंट उठून सांगूक येणा नाय, डॉक्टर. माका सगळा ऐकू येता. डोळे मिटले की कोण घाबरलो, कोणाची चप्पल थांबली, कोणाच्या घशात शब्द अडाकलो, सगळा."

डॉक्टर कुरकुरत का होईना, पुढच्या गुरुवारी हजर असायचे. सिस्टरांना नाही म्हणायची हिंमत त्यांच्यातही नव्हती.

दिवाळीनंतर सिस्टर रिटायर होणार होत्या. जसजसे दिवस जवळ आले, तशी त्यांची फेरी मारतानाची कुजबुज गंभीर होत गेली. "एकदा तरी वाचवा रे माका," त्या म्हणायच्या. "मी गेल्यावर तुमका कोण मरून दाखवतला?" आम्ही हसायचो. पण लॅबमध्ये परतल्यावर मला ते खुपायचं. एवढ्या शिकलेल्या माणसांना मिळून एक बाई वाचवता येऊ नये?

त्यांचा शेवटचा गुरुवार आला. फेरी झाली. माझ्या कानात त्या म्हणाल्या, "रक्तातली साखर एकदम खाली. घाम फुटलोहा." एवढंच. टोपी खिळ्याला गेली, चपला खाटेखाली गेल्या, डोळे मिटले. छतावरचा उजेड त्यांच्या तोंडावर हलायला लागला. त्या काहीतरी पुटपुटत होत्या, झोपेत बोलावं तसं.

डॉक्टर आले. "बडबडतेय, शुद्ध हरपत चाललीय. अर्धांगवायूचा झटका. हिला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात हलवा. यादव, गाडी!"

यादव वळलासुद्धा.

"थांबा, सर."

आवाज इतका बारीक होता की पंख्याचा आहे असं वाटलं. लीना भिंतीला टेकून उभी होती. "सर, ही डायबेटिसच्या गोळ्या घेते. आजही गोळी घेतलीय. सकाळीच."

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि, आश्चर्य म्हणजे, परत मिटलं.

मी ट्रेकडे न जाता खाटेकडे गेलो. "साखर एकदम खाली आहे, सर. रिपोर्ट लिहून होईल मागाहून."

"आणि सकाळपास्नं पोटात अन्न नाही हिच्या," शेवंताबाई पुढे सरकल्या. "गोळी घेतली आन् जेवलीच नाही."

"म्हणजे झटका नाही," डॉक्टर हळू म्हणाले. "ग्लुकोज. लीना, शिरेतून, लगेच."

लीनाने मोठ्याने म्हटलं, "ग्लुकोज, शिरेतून," आणि रिकामी सिरिंज सिस्टरांच्या हाताच्या शिरेला टेकवली. आम्ही सगळे सिस्टरांच्या तोंडाकडे बघत उभे. "मी मेलंय" आलं नाही. खाटेवरचं पुटपुटणं थांबलं होतं.

वाचल्या! यादवने टाळी वाजवली. मला मॅट्रिकचा निकाल लागल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी खुशीत केसपेपर ओढला. "नाव-गाव काय ते बघू. घरी कोण असतं पेशंटच्या? कळवायला हवं."



"अकेली आयी थी, साब," यादव म्हणाला. "रिक्षा से. अपना थैला खुद उठा के. हमको बताया था, पर हमको लगा ये बीमारी की बात नहीं है."

शेवंताबाई पदराशी चाळा करत होत्या. "मलाबी अजून एक सांगितलं होतं. रोगाचं नव्हतं म्हणून बोलले नाही."

"बोला ना," डॉक्टर म्हणाले.

"एकटीसाठी स्टोव्ह पेटवायचा कंटाळा येतो तिला. इथं ड्यूटी असली की चार माणसांत बसून जेवती. सुट्टीच्या दिवशी तशीच ऱ्हाती. आता तर म्हणं रोजच सुट्टी."

पडदा फुगला आणि खाली बसला. आम्ही सगळे खाटेवरच्या बाईकडे बघत होतो. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या शिव्या खाल्ल्या, त्यांच्या हातचं कोकम सरबत प्यायलो, पण घरी कोण असतं हे एकानेही विचारलं नव्हतं. त्यांनीही कुणा एकाला सांगितलं नव्हतं. वाटून टाकलं होतं, एकेका कानात.

खेळ संपला होता. एरवी त्या टुणकन उठायच्या. आज उठल्या नाहीत. डॉक्टर मेहेंदळे वाकले, आणि मी त्यांचा तेवढा हळू आवाज पहिल्यांदा ऐकला. "सिस्टर, वाचलात ना?"

"वाचलंय," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "पण इतक्यात उठवू नकात."

शेवंताबाईंनी स्टूल ओढलं, खाटेला चिकटून बसल्या आणि सिस्टरांचा हात आपल्या मांडीवर घेतला. "सोमवारपास्नं पेशंट माझ्या खोलीवर जेवणार. दोन्ही वेळेला. आन् हे डॉक्टरला विचारायचं काम नाही."

मिटलेल्या पापण्यांवर मिठागरांचा उजेड हलत होता.

"तुझ्या आमटीत खोबरा नसता गो," सिस्टर म्हणाल्या.

"नसतं. मग?"

"मग काय," त्यांनी डोळे उघडले. "नारळ मी घेऊन येतलंय."